भोक नसलेल्या डांगऱ्या

मावशीला शेअर बाजारातलं काय कळतं, असं कुणी विचारलं की तिची लेक एकच उत्तर द्यायची, "तिला कपड्यातलं कळतं." माणसं हसायची आणि विषय बदलायची. मावशीची त्याला काही हरकत नव्हती. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून पैसे घालून हात पोळून घेतले होते. हिचे पैसे चौदा वर्षांत एकदाच बुडाले, तेही नवऱ्याच्या आग्रहाखातर घेतलेल्या एका हॉटेल कंपनीत. नवरा पुढे गेला. हॉटेलं त्याच्याही आधी गेली.

कारखान्यांच्या वसाहतीला लागून जो रस्ता जातो, त्यावर एका भाड्याच्या गाळ्यात मावशीची लाँड्री होती. आत चार मोठी मशीनं, एक कपडे सुकवायचं यंत्र, मागच्या भिंतीला लागून सिमेंटचा टब, पुढे काउंटर आणि खिडकीपाशी इस्त्रीचं टेबल. इस्त्रीवाल्याला सगळे 'वाफ' म्हणत, कारण त्याला राग आला की तो बोलायचा नाही, नुसता फुसफुसायचा. आणखी दोन बायका मशीनवर होत्या. घरोघरचे कपडे थोडे. खरं काम कारखान्यांचं. कामगारांच्या डांगऱ्या, म्हणजे ते गळ्यापासून पायापर्यंतचे सलग जाड कपडे, गाठोडी बांधून सोमवारी यायच्या आणि गुरुवारी घड्या होऊन परत जायच्या.

आता रोज तीनशे डांगऱ्या उलट्या करून खिसे तपासणाऱ्या बाईला कारखान्याच्या आत जायची गरजच काय? मावशी तीन जागा बघायची. बाही, खिसा, गुडघा. बाहीची कड खाल्लेली असेल तर कंपनी हातमोजे देत नाही. खिशात डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली, आणि तीही एकाच्या नाही, दहाजणांच्या खिशात, तर आत हवा धड नाही. गुडघा घासलेला असेल तर माणसं वाकून, रांगून काम करताहेत आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. एका रंगाच्या कंपनीच्या बाह्या तर मशीनमध्ये ओल्या कागदासारख्या सुटून यायच्या. त्या कंपनीचा भाव तेव्हा चढत होता. जावई म्हणाला, घ्या. मावशी म्हणाली, "बाह्या बघितल्यात का त्यांच्या?" तिने घेतला नाही. भाव दुप्पट झाला, आणि जावयाने ते तिला वर्षभर ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. त्या भावातला एक पैसाही तिला नको होता, आणि हे ती काही मोठेपणाने म्हणत नव्हती. ज्या बाह्या आपण रोज हातात धरतो त्यांच्यावर पैसा मिळवायचा, हे तिला किळसवाणं वाटायचं, एवढंच.

तिने शेअर घेतले ते पंप बनवणाऱ्या कंपनीचे. तिथे फाटलेली डांगरी यायची तीच मुळी ठिगळ लावून, आणि ठिगळही कुणी जीव लावून घातलेलं. बिस्किटांच्या कंपनीचे घेतले, कारण गरोदर बायकांसाठी तिथून पोटाशी सैल असलेले वेगळे कपडे यायचे. नवऱ्याच्या फंडाचे पैसे असे थोडेथोडे करून चार-पाच कंपन्यांत गेले.

जावई बँकेत होता आणि त्याची रीत वेगळी. त्याच्याकडे लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपमध्ये एक यादी. कोणती कंपनी हवापाण्याला, माणसांना आणि कायद्याला कितपत जपते, याचे कुणीतरी दूर बसून मार्क दिलेले असायचे. "आई, आता लोक नुसता नफा बघत नाहीत," तो सांगायचा, जणू ही बातमी त्यानेच आणली होती. मावशी त्याच्या यादीला नाक मुरडायची आणि तो तिच्या गाठोड्यांना. तरी दर रविवारी दोघं समोरासमोर बसून वाद घालत, आणि लेक म्हणायची की ह्या दोघांचंच लग्न लावून द्यायला हवं होतं, वेळ छान गेला असता.

दोघांचं एकाच कंपनीवर एकमत झालं. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरात आणणारी कंपनी. जावयाच्या यादीत ती पहिल्या पाचांत होती. टाकाऊ माल वाया जात नाही, जमिनीत जात नाही, म्हणून बक्षिसंही मिळालेली. अहवालात लिहिलं होतं, कामगार दोनशे चाळीस, सगळ्यांना गणवेश, हातमोजे, मास्क. आणि मावशीकडे सोमवारी येणारं गाठोडंही बरोबर दोनशे चाळीस डांगऱ्यांचं. बाह्या शाबूत. खिशात फार तर बसची तिकिटं. गुडघे नव्यासारखे.

"माझ्या गाठोड्यात आणि तुमच्या कागदात माणसं तेवढीच आहेत," मावशी म्हणाली. "पहिल्यांदाच असं झालंय."

तिने बिस्किटं सोडून बाकी सगळं विकलं आणि बॅटरीवाल्यांत घातलं. एकमत झालं तेव्हाच दोघांना शंका यायला हवी होती, पण माणसाला आपलं बरोबर ठरलं की फार गोड वाटतं.

तीन वर्षांत भाव अडीचपट झाला. आणि नेमका तेव्हाच गाळ्याचा मालक येऊन काउंटरवर टेकला. त्याला परदेशी मुलाकडे जायचं होतं, गाळा विकायचा होता. "मावशी, बावीस वर्षं तुम्ही एक भाडं चुकवलं नाहीत. वर्षअखेरपर्यंत मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. तुम्ही घ्या." त्याने आकडा सांगितला. जावयाने फोनवरच हिशोब केला. शेअर विकून, वर थोडं कर्ज काढून, बसत होतं. मावशीने त्या दिवशी पहिल्यांदा गाळ्याच्या भिंतीकडे मालकिणीच्या नजरेने पाहिलं. मागचा टब बदलायचा, वाफच्या खिडकीला जाळी बसवायची, हे तिने मनात ठरवूनही टाकलं. बावीस वर्षं दुसऱ्याच्या भिंतीला खिळा मारतानाही विचारावं लागलं होतं.

मुदतीला चार महिने उरले असताना एक बाई दोन चादरी, चार उशांचे अभ्रे आणि एक ब्लँकेट घेऊन आली. तिशीची, अंगाने काटकुळी. कडेवर चार वर्षांची मुलगी, खांद्यावर डोकं टाकून पडलेली.

"घरी धुवून निघेना," बाई म्हणाली. "राखाडी पडलंय सगळं."

असे कपडे मावशी मशीनमध्ये आधी घालत नसे. तिने ते टबात भिजवले, हाताने दोनदा खळबळले आणि सवयीप्रमाणे पाणी बसायची वाट बघत उभी राहिली. माती असली तर पाणी बराच वेळ गढूळ राहतं. तेल वर येतं. काजळी कडेला चिकटते. हे यातलं काहीच नव्हतं. पाणी मिनिटाभरात वरून स्वच्छ झालं आणि तळाला राखाडी थर सरळ जाऊन बसला. तिने बोटाने उचलून पाहिलं. बारीक आणि त्या मानाने जड. तिने बोट पुसलं, मग साबणाने धुतलं, मग पुन्हा धुतलं.

"तुझा नवरा कुठे आहे कामाला?"

"बॅटरीच्या कंपनीत. भट्टीवर."

"भट्टीवर? मग त्याची डांगरी कोण धुतं?"

"मीच की. बादलीत. कंपनी महिन्याला धुलाई भत्ता देते ना त्याचा." बाईने हे जरा अभिमानानेच सांगितलं. "कंत्राटदाराची माणसं आहेत सगळी भट्टीवर, दीडशेच्या वर. सगळ्यांना भत्ता मिळतो."

"आणि हिचे कपडे?" मावशीने मुलीकडे बघितलं.

"त्याच बादलीत. आधी हिचे धुते, मग त्याचे. घाई असली तर एकदमच."

"ही अशी का पडून असते?"

"पोट दुखतं म्हणते. जेवत नाही. डॉक्टर म्हणाले जंत असतील."

 मावशीने बाईला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि एक-एक करून सांगितलं. नवऱ्याने कपडे दाराबाहेर काढायचे. त्याचे कपडे वेगळ्या भांड्यात. आंघोळ केल्याशिवाय मुलीला उचलायचं नाही. आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्तात शिसं आहे का ते बघायला सांगायचं; जंत-बिंत नंतर. "तिथे सांग, बाप शिशाच्या भट्टीवर आहे. हे आधी सांग." बाई घाबरली, मग थोडी चिडली, मग गेली.

त्या दुपारी बॅटरीवाल्यांचं गाठोडं परतीसाठी तयार होतं. मावशीने ते सोडलं आणि दोनशे चाळीस डांगऱ्या पुन्हा एकेक करून पाहिल्या. वाफ तिच्याकडे बघून फुसफुसला, कारण इस्त्रीची घडी मोडत होती. तिने लक्ष दिलं नाही. बाही, खिसा, गुडघा, सगळं ठीक. आणि एकाही डांगरीवर ठिणगीचं भोक नव्हतं.

पंपाच्या कंपनीत ओतकाम होतं; तिथल्या डांगऱ्यांच्या छातीवर भोकांची रांगोळी असायची. आणि ही शिसं वितळवणारी कंपनी, दिवसरात्र भट्टी पेटलेली, आणि तीन वर्षांत एक भोक नाही. जे कपडे आले ते तिने डोळ्यांत तेल घालून बघितले. जे आलेच नाहीत ते कुठे आहेत, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. जावयाच्या यादीला ती जन्मभर हसली, आणि स्वतः तेच केलं. जेवढं समोर ठेवलं तेवढं मोजलं. तिला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या आड, हेही खरं, गाळ्याची भिंत दिसत होती, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

आठवड्याने बाई सांगायला आली. मुलीच्या रक्तात शिसं होतं, आणि बरंच. दवाखान्यातल्या डॉक्टरने औषध दिलं होतं आणि म्हणाला होता, शिसं घरात येणं आधी थांबवा.

रविवारी जावयाने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला. मग तो बँकवाला झाला.

"आई, उद्याच विका. चांगला भाव आहे. गाळा होऊन जाईल. अशा कंपनीत आपला पैसा ठेवायचा नाही, हेच तर तुमचं तत्त्व आहे."

"आणि त्या मुलीचं?"

"एक शेअर ठेवा. दीड महिन्याने त्यांची सभा आहे, भागधारकांची. एक शेअर असला तरी आत सोडतात. गाळा नावावर झाला की मग जा आणि काय विचारायचं ते विचारा."

"मी विकलेले शेअर घेणार कोण?"

"ते कळत नाही. कॉम्प्युटर जुळवतो."

"पण कुणीतरी घेणारच ना?"

"हो, कुणीतरी."

"तुमची यादी बघून."

जावयाने लॅपटॉप मिटला. लेक म्हणाली, "आई, सगळे असंच करतात गं."

 लाँड्री नवी होती तेव्हाची एक गोष्ट मावशीला आठवत होती. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टवरचा डाग निघाला नव्हता, आणि तिने तो आत जाईल अशी घडी घालून, वर कागदी पट्टी लावून दिला होता. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. नोकरीच्या मुलाखतीला निघताना त्याने घडी मोडली होती. भांडला नाही. शर्ट उलगडून काउंटरवर ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर तिच्या दुकानात डाग आत घालून कधी घडी झाली नव्हती. राहिला डाग तर वर दिसेल अशी घडी घालायची आणि गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायचा. नव्या बाईला मशीन शिकवण्याआधी ती हे शिकवायची.

"घडी घालून द्यायचं माझ्याच्याने होणार नाही," ती म्हणाली. "आधी विचारते. मग जो भाव येईल तो येईल."

"गाळा जाईल, आई."

"माहितेय मला."

जावई महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलला. लेक मधल्या मध्ये पिसली गेली.

सभा एका मोठ्या हॉटेलात होती. गालिचा इतका जाड की मावशीला आपण चाललोय की नाही कळेना. दाराशी प्रत्येक भागधारकाला खाऊचा डबा मिळत होता आणि बरीच म्हातारी मंडळी तेवढ्यासाठीच आली होती. एक आजोबा तर दोन डबे घेऊन झोपले होते. मावशीने पिशवीत एक बाटली आणली होती. त्या उशीच्या अभ्र्यांचं पाणी, तळाला राखाडी थर. दाराशी पहारेकऱ्याने बाटली काढून घेतली. आत बाहेरचं पाणी न्यायचं नाही म्हणाला, आणि ती लोकांच्या पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत टेबलावर ठेवून दिली. मावशी म्हणाली, "अहो, कुणी पिईल ते." तिने पिशवीतून लाँड्रीची चिठ्ठी काढली, 'डाग - विचारून धुणे' लिहिलेली, आणि बाटलीच्या गळ्याला पक्की बांधली. मगच ती आत गेली.

पडद्यावर हिरवीगार चित्रं झाली. अध्यक्षांचं भाषण झालं. प्रश्नांच्या वेळी तिचा नंबर सातवा लागला. माईक तिच्या उंचीला उतरवेपर्यंत ती बोलायलाही लागली होती.

"मी तुमचे कपडे धुते."

लोक हसले. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, फार छान.

"दर सोमवारी दोनशे चाळीस डांगऱ्या. तीन वर्षं. तुमच्या पुस्तकातही दोनशे चाळीसच माणसं आहेत. पण एकाही डांगरीवर ठिणगीचं भोक नाही. तर मला विचारायचंय, भट्टी कोण चालवतं?"

अध्यक्षांनी शेजारी बघितलं. शेजारच्याने त्याच्या शेजारी. शेवटी कारखान्याचे साहेब उठले. भट्टीवर कंत्राटदाराची माणसं असतात, ती कंपनीच्या पटावर येत नाहीत, म्हणून अहवालात नाहीत.

"त्यांचे कपडे कुठे धुतात?"

"त्यांना धुलाई भत्ता दिला जातो," साहेब म्हणाले, आणि त्या बाईसारखाच थोडा अभिमान त्यांच्याही आवाजात होता.

"म्हणजे शिसं त्यांच्या घरी पाठवता आणि वर त्याचे पैसे देता. एका चार वर्षांच्या मुलीच्या रक्तात निघालंय ते. माझ्याकडेही पाठवू नका ते कपडे, माझ्याकडे बायका काम करतात. तिथेच धुवा, आत, आणि त्यांना आंघोळ करून घरी सोडा. बाटली बाहेर ठेवलीय. बघून घ्या."

ती खाली बसली. डबा तिने उघडलाच नाही, पण घरी मात्र आणला.

पुढचं सगळं कागदावर झालं. बाजाराच्या एका वर्तमानपत्रात सहा ओळी आल्या. चांगल्या कंपन्यांतच पैसे घालतो म्हणणाऱ्या एका मोठ्या फंडाने कंपनीला लेखी विचारणा केली आणि उत्तर पटलं नाही म्हणून आपला वाटा विकायला काढला. भाव दोन महिन्यांत निम्म्यावर आला. मावशीला कंपनीचं पत्र आलं. पंधरा दिवसांनंतर गाठोडं येणार नव्हतं. वर्षअखेरीला गाळ्याच्या मालकाने दोनदा येऊन विचारलं, तिसऱ्यांदा फरशीच्या व्यापाऱ्याला घेऊन आला. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि तसं तो चारचारदा सांगतही होता.

लाँड्री मागच्या गल्लीत गेली. जागा अर्धी, मशीनं दोन. एका बाईला दुसरीकडे काम बघून द्यावं लागलं, आणि त्या दिवशी मावशी जेवली नाही. वाफ आला, खिडकी नाही म्हणून फुसफुसला आणि दाराशी टेबल लावून कामाला लागला. सामान हलवताना जावई शर्टाच्या बाह्या वर करून आला. मशीन टेम्पोत चढवून झाल्यावर म्हणाला, "ती यादी बनवणाऱ्यांना मी पत्र लिहिलंय. कंत्राटी माणसं मोजा म्हणून." उत्तर आलं का, असं तिने विचारलं नाही. तिने त्याला पाणी दिलं.

तिने शेअर विकले नव्हते. निम्म्या भावाला विकून गाळा येणार नव्हता, आणि शेअर नसला की पुढच्या सभेला आत कोण सोडणार होतं?

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर काटकुळी बाई नव्या जागेचा पत्ता शोधत आली. हातात त्याच दोन चादरी आणि अभ्रे. मुलगी या वेळी आपल्या पायांनी चालत होती आणि वाफच्या टेबलाखाली शिरू बघत होती.

"कंपनीने आतच धुलाई काढलीय," बाईने सांगितलं. "नळ, साबण, सगळं. आंघोळ केल्याशिवाय सोडतच नाहीत. त्याला घरी यायला तास उशीर होतो. आणि भत्ता बंद केला मेल्यांनी. कुणीतरी बाई सभेत काहीबाही बोलली म्हणे. महिन्याचे तेवढेच हाताशी असायचे, मावशी."

वाफने इस्त्री उभी करून ठेवली.

"ती बाई मीच," मावशी म्हणाली.

 बाईने चादरी काउंटरवर पुढे सरकवल्या.

"मग ह्या फुकट धुवा."

"धुते," मावशी म्हणाली. "पोरगी जेवते का?"

"जेवते. सारखी मागते. रक्तातलं उतरतंय, पण हळूहळू. शिकायला थोडी मागे राहील कदाचित, डॉक्टर म्हणाले. आत्ताच कळत नाही."

मावशीने मान हलवली. तिने चादरी आणि अभ्रे टबात भिजवले, दोनदा खळबळले आणि हात पुसत उभी राहिली. साबणाचा फेस कडेला गेला, पाणी बसलं. तळाशी काही नव्हतं. तरी ती आणखी थोडा वेळ थांबली.